पांढऱ्याची पारख

तापत चाललेल्या जुन्या मॉनिटरला एक वास असतो. भाजलेल्या धुळीचा, किंचित गोडसर, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखा. वर्ध्याच्या बाजारातल्या आमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो वास दरवळू लागला की समजावं, मधुकरराव आसनस्थ झाले. मधुकरराव म्हणजे माझे यजमान. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा, कुणाचीही बाजू न घेणारा शांत उजेड त्यांच्या एका गालावर, मॉनिटरची मंद राखाडी आभा दुसऱ्या गालावर, आणि दोहोंच्या मधोमध ती लांब, सरळ, जराशी अहंकारी नासिका. हात मांडीवर. चांगला अर्धा तास ते काहीच करत नाहीत. "तापू दे त्याले," एवढंच म्हणतात. त्या अर्ध्या तासात बाहेर जगबुडी झाली तरी उठत नाहीत. बादली घेऊन मीच धावायचं, हे आमच्या संसारात ठरलेलं आहे.

लग्नाच्या चित्रीकरणाचे रंग सुधारणं हे यांचं काम. सांगायला सोपं, करायला महाकठीण. मांडवात एका कोपऱ्यात हॅलोजन पिवळा ओकत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात दिव्यांच्या माळा क्षणात हिरव्या, क्षणात जांभळ्या होत असतात, वरून मांडवाच्या कापडाचा तांबडा रंग माणसांच्या डोक्यांवर गळत असतो, आणि कॅमेरा बिचारा हे सगळं भाबडेपणाने गिळून घरी येतो. तो सारा वर्णकल्लोळ निवळून प्रत्येक चेहऱ्यावर त्याचा त्याचा रंग परत आणून ठेवायचा. ज्या पडद्यावर पाहून हे करायचं तो पडदाच खोटं बोलणारा निघाला, तर पुढचं सगळंच खोटं. म्हणून हा मॉनिटर. नागपूरच्या एका बंद पडलेल्या केबलवाल्याकडून यांनी तो आणला तेव्हाच तो म्हातारा होता. मागे भलंमोठं पोट असलेला, उचलताना माणसांच्या कमरा मोडणारा काचेचा ठोकळा. आता सगळीकडे चपटे पडदे आले, आमच्या पुढच्या खोलीतही आले, पण शेवटची नजर याच म्हाताऱ्यावर. "नव्यात काळं काळंच नसते, करडं असते," असा यांचा निकाल, आणि यांच्या निकालावर अपील नाही.

लग्नसराई तोंडावर आली की या म्हाताऱ्याला वळणावर आणण्याचा सोहळा सुरू होई. पडद्यावर उभ्या रंगपट्ट्या उमटत. निळ्या जिलेटिनचा कागद डोळ्यांपुढे धरून हे एकेक बटण केसभर फिरवत आणि त्या पट्ट्यांची आपसातली भांडणं मिटवत. मग काळा. अगदी अंधारातल्या पट्ट्या, त्यातली एकच जेमतेम दिसावी आणि बाकीच्या काळोखात बुडाव्यात. आणि सर्वांत शेवटी, देवळात गाभाऱ्याशी पोचावं तसे, हे पांढऱ्याशी पोचत. त्यासाठी यांच्याजवळ पांढऱ्या खादीचा एक तुकडा होता. सकाळचा उजेड खिडकीत स्थिर झाला की तो तुकडा पडद्याला खेटून धरायचा, आणि कापडाचा पांढरा नि काचेचा पांढरा एकमेकांत विरघळेपर्यंत बटणं हलवायची. धरायची अर्थात मी.

"हलू नको वं."

"हलते कुठं? हात अवघडला माझा, बाप्पा! मले का खुंटी समजले तुमी?"

पण ते दोन पांढरे जुळण्याचा क्षण आला की यांचा श्वास सुटायचा. तो सुटलेला श्वास मी इतक्या जवळून ऐकला आहे की अवघडलेल्या हाताची तक्रार मी नंतर कधी मनापासून केली नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या स्टुडिओचं नाव फार झालं होतं. आर्वीकडची, सेलूकडची, पार हिंगणघाटाकडची माणसं येत, आणि येऊन एकच गोष्ट सांगत: "भाऊ, तुमच्याकडचं कसं पांढरंधुप्प दिसते!" विशेषतः बौद्धांची लग्नं. नवरी शुभ्र साडीत, नवरा शुभ्र सदऱ्यात, मंचावर शुभ्र पडदा, त्या शुभ्रतेच्या मेजवानीत यांनी रंग सुधारलेला पांढरा असा काही लखलखे की बायका एकमेकींना कोपरखळ्या देऊन म्हणत, "पाह्य वं, निळीतून काढल्यासारखं दिसून राह्यलं." आमच्याकडे धुणं उजळवायला शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालतात, नीळ लागलेला पांढरा तोच खरा पांढरा, असं इथल्या प्रत्येक डोळ्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे त्यात खटकण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही. शिवाय चेहरे गोरे दिसत. काय सांगू, गोरं दिसण्याची हौस कुणाला नाही? सावळी नवरी गव्हाळ होऊन निघे, काळे मामा सावळे होऊन निघत, आणि सगळे खूश. हे मात्र चिडत. "मी कोणाले गोरं करत नाई. मी फक्त हॅलोजनचा पिवळेपणा काढतो." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

एकदा मी म्हटलं, "अवो, हे जरासं निळं नाई वाटत?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासूबाईंच्या स्वयंपाकात मीठ कमी असल्याचं सांगितलं. "तू कापड धर," ते म्हणाले.

मग गेल्या पावसाळ्यात यांना रस्त्यावरचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, सुईत दोरा जाईना, आणि सेवाग्रामच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अगदी सुरळीत झालं. पट्टी निघाली त्या सकाळी हे वॉर्डातल्या पलंगावर बसून भिंतीकडे, छताकडे, नर्सच्या टोपलीतल्या कापसाकडे पहिल्यांदाच जत्रेला आलेल्या मुलासारखे पाहत होते. मग माझ्याकडे वळले.

"काय वं, ही साडी जांभळी आहे?"

"मंग तुम्हाले काय वाटली?"

"मी तर तपकिरी समजत होतो. इतके दिवस तपकिरी समजत होतो ना मी."

घरी येताना रिक्षातून हे आकाश दाखवत होते, दुकानावरच्या पाट्या दाखवत होते, जास्वंद दाखवत होते. एक डोळा मिटायचा, दुसरा उघडायचा, मग उलट, "ह्या डोळ्याने चहासारखं दिसते, आणि ह्या डोळ्याने पाण्यासारखं!" रिक्षावाला हसत होता, मीही हसत होते. सुखाचा असा मोकळा, बेहिशेबी प्रहर आमच्या वाट्याला फार वर्षांनी आला होता. त्यातून पुढे काय निघणार आहे हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

काही दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि हे स्टुडिओत आले. मॉनिटर लावला. तो तापला. मागच्या हंगामातलं एक लग्न पडद्यावर आलं, आणि हे खुर्चीतून अर्धे उठले.

"हा निळा कसा काय पडला? तुमी कोणी बटणं फिरवली?"

कोण फिरवणार? त्या बटणांना हात लावण्यापेक्षा मी विजेच्या तारेला लावीन. पण यांनी मॉनिटरला फार बोलून घेतलं. म्हातारा झाला, कामातून गेला, नळी संपली याची, अखेर दगा दिलाच यानं. मग रंगपट्ट्या लावल्या, निळा कागद धरला, काळा तपासला. सगळं जागच्या जागी. शेवटी म्हणाले, "कापड धर."

मी खादीचा तुकडा पडद्याला लावून धरला. खिडकीतला उजेड त्या सकाळी इतका निर्मळ होता की कापडाचा उभा-आडवा धागा न् धागा मोजता यावा. नव्या डोळ्याने त्यांनी पाहिलं, जुन्या डोळ्याने पाहिलं, पुन्हा नव्या डोळ्याने पाहिलं. दोन्ही पांढरे एकच होते. एक रेसभरही फरक नव्हता. मॉनिटर खरं बोलत होता, आणि इतकी वर्षं खरंच बोलत आला होता. पिकलेल्या डोळ्याला कापडही पिवळंच दिसे नि पडदाही पिवळाच. दोन्ही सारखे, म्हणून मॉनिटर निर्दोष ठरे, आणि मग चित्र पिवळं दिसलं की दोष हॅलोजनच्या माथी जाई. जो पिवळेपणा यांनी मांडवामांडवांतून वेचून काढला, त्यातला बराचसा कुठल्याच मांडवात नव्हता. तो यांच्या डोळ्यात होता, आणि तो घालवण्यासाठी यांनी माणसांच्या चेहऱ्यांत नीळ ओतली होती.

यांनी माझ्या हातातून कापड घेतलं, त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. मग एकामागून एक जुनी लग्नं लावून पाहत बसले. नवऱ्या, वरमाया, करवल्या, आजोबा. सगळ्यांचे ओठ जांभळट, सगळ्यांच्या गालांवर पहाटेच्या थंडीसारखी राख. आम्ही जिला कीर्ती म्हणत होतो ती ही.

लाज माणसाच्या शरीरात कुठे राहते हे मी त्यानंतरच्या दिवसांत पाहिलं. ती यांच्या मानेत राहायला आली. सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावून ताठ चालणारा माणूस बाजारातून भिंतीच्या कडेकडेने चालू लागला. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा काढायला सांगून कितीतरी दिवस झाले, तरी हे तो दिवेलागणीलाही घालून बसत. कुणी ओळखीचं भेटून "मधुभाऊ, आमच्या पोराच्या लग्नाची शूटिंग काय झकास झालती" म्हणालं, की हे मान हलवत नि चपलेच्या अंगठ्याकडे पाहत. जेवताना मी म्हटलं, "अवो, लोकांनी तर तारीफच केली ना? कोणाचं काय बिघडलं?" त्यावर म्हणाले, "तारीफ मोतीबिंदूची केली त्याइनं. माझी नाई." आणि ताटावरून उठले. भाकर अर्धी तशीच. मला राग आला, आणि राग ओसरल्यावर कळलं की तो राग नव्हताच. मलाही त्यांच्याइतकीच शरम वाटत होती, फक्त ती मी भांडी आदळून व्यक्त करत होते.

अशात आंजीहून प्रज्ञा आली. तिच्या लग्नाचं चित्रीकरण काही वर्षांपूर्वी यांनीच केलं होतं. तिचे वडील गवंडीकाम करायचे. मोठ्या हाडाचा, उन्हात भाजून तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा झालेला माणूस, आणि फोटो काढायचं नाव काढलं की पळणारा. मागच्या वर्षी ते गेले. आता त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला मांडायला घरात धड तसबीर नाही. जे काही आहे ते या लग्नातलंच. प्रज्ञाने मोबाइलवर तो प्रसंग काढून माझ्यापुढे धरला. शुभ्र पडद्यापुढे तिचे बाबा हात जोडून उभे, लेकीला निरोप देताना ओठ घट्ट मिटलेले, आणि सगळा चेहरा राखेचा.

"काकू, बाबा असे कधीच नव्हते," ती हळूच म्हणाली. तक्रार करायला आली नव्हती ती. तक्रार कशी करावी हेही तिला माहीत नव्हतं. "येवढे गोरे नव्हते. बाबांच्या रंगाचे करून भेटन का? मॉनिटर जुना झाला असन ना काकांचा?"

दाराच्या पडद्यामागे, मागच्या खोलीत हे बसले होते. खुर्ची करकरायची थांबली होती, म्हणजे सगळं ऐकत होते. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती मी चटकन म्हणून गेले, "हो ना बाई, जुनाच झाला तो. किती वेळा सांगितलं यांना, नवा घ्या म्हणून."

पडदा सरला. हे बाहेर आले. काळा चष्मा हातात होता, आणि एक पिकलेला नि एक उजळ, असे दोन वेगवेगळे डोळे त्या मुलीपुढे उघडे होते.

"मॉनिटर बरोबर आहे, बेटा," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि मले ते समजलं नाई. तुह्या बाबाचा रंग म्याच नासवला."

मी काउंटरवरच्या काचेवरून हात फिरवत राहिले. काच स्वच्छ होती. प्रज्ञा म्हणाली, "असू द्या ना काका." त्या असू द्या ना-ने यांची मान आणखीच खाली गेली.

मूळ चित्रण आमच्याजवळ होतं. काही फेकायचं नाही ही यांची खोड त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. पण मुळातही मांडवाचे दिवे मिसळलेले, आणि यांचा आता कुठल्याच डोळ्यावर भरवसा उरला नव्हता. डावा पिवळं सांगे, उजवा नवखा, सगळंच त्याला निळंनिळं भासे. "तुह्या आईले घेऊन येजो," हे प्रज्ञाला म्हणाले. "त्या पाहतील, मी बटण फिरवीन."

प्रज्ञाच्या आई, सुमनबाई, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आल्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, पायांवर आंजीच्या रस्त्याची धूळ. मॉनिटर तापेपर्यंत त्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. यांनी ती खुर्ची, जिच्यावर मलाही कधी बसू दिलं नाही, ती त्यांना दिली, आणि आपण बाजूला स्टुलावर बसले. खिडकीतला उजेड वर आला. पडद्यावर त्यांचा नवरा हात जोडून उभा राहिला, आणि हे एकेक रेघ निळा उतरवू लागले.

"अजून," सुमनबाई म्हणाल्या.

राख गेली. गव्हाळ आला.

"नाई. ते काळे होते. लाजू नका भाऊ, काळे होते ते. अजून."

हे उतरवत गेले. सावळा आला, मग मातीचा, मग उन्हाने कातडीत मुरवलेला तो तांबूस काळा, ज्यात कपाळाच्या शिरा आणि जबड्याचं हाड एकदम जिवंत झालं. ओठांवरचा जांभळेपणा गळून पडला. मिटलेल्या ओठांच्या कडेला हुंदका अडवून धरल्याचं त्या चित्रात प्रथमच दिसू लागलं. निळीच्या थराखाली तो इतकी वर्षं तिथेच होता.

"हां," सुमनबाई म्हणाल्या. "आता हे हायत."

मी श्वास सोडला. वाटलं, झालं, फिटलं एकदाचं. आता यांची मान वर येईल. प्रज्ञा रडत होती पण ते रडणं समाधानाचं होतं. यांनीही बटणावरचा हात काढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासं काही उमलू पाहत होतं.

मग सुमनबाई पडद्यावरची नजर न काढता, सहज, शेजारणीला सांगावं तशा म्हणाल्या, "लग्नानंतर तुमची शूटिंग घरी आली ना भाऊ, मी एकटीनंच पाह्यली पहिले. आणि मी भेली. मले ते मेल्यासारखेच दिसले. हा अपशकुन आहे म्हटलं, यांच्या नजरेस नको पडायले. मंग ते रोज म्हणत, लाव ना वं, पोरीचं लग्न पाहू दे. मी म्हणो, टीव्ही बिघडला आहे. पुढं पुढं त्याइनं म्हणायचंच सोडलं." पदर सावरत त्या म्हणाल्या, "नाई पाह्यलं त्याइनं. एकदाही नाई पाह्यलं."

त्या रागावल्या नव्हत्या. त्या कुणाला दोषही देत नव्हत्या, आणि तेच सहन होण्यापलीकडचं होतं. हे स्टुलावरून उठले नाहीत. पडद्यावर तो माणूस आता आपल्या खऱ्याखुऱ्या रंगात हात जोडून उभा होता, आणि माझ्या नवऱ्याने त्याच्यासमोर हात जोडले.

एक दिवस असा येतोच की आपण कुणाचा तरी रंग अचूक जुळवून देतो, अगदी रेसभरही फरक न ठेवता. फक्त तो पाहायचा म्हणून जो माणूस रोज खुर्ची ओढून टीव्हीसमोर येऊन बसत होता, तो तोवर उठून गेलेला असतो.